*ईएलसीबी काढू नका, गोठ्याची वायर बदला*



एरवी आपण खत, फवारणी, दूध आणि बाजारभावावर मेसेज टाकतो. आजचा विषय वेगळा आहे, पण मृगाच्या आत बोलायलाच हवा: घरातून गोठ्याकडं, शेडकडं जाणारी वायर.

गेल्या पावसाळ्यात माझ्या गोठ्यातली म्हैस लोखंडी टाकीला तोंड लावेना. पाणी बदललं, टाकी घासली, तरी नाही. बादलीतनं दिलं की मात्र घटाघटा प्यायची. चौथ्या दिवशी वायरमनला बोलावलं. त्यानं टाकीला टेस्टर लावला तर पेटला. घर ते गोठा वायरीला मधे एक जोड होता, टेप गुंडाळलेला, पत्र्याच्या कडेला घासून उघडा पडलेला. पाऊस लागला की शेडच्या पत्र्यात, खांबात आणि खांबाला टेकलेल्या टाकीत करंट उतरायचा.

पण जोडापेक्षा मोठी चूक माझी होती. त्याच्या आठ दिवस आधीपासून घरातला ईएलसीबी सारखा पडत होता. धार काढायच्या वेळेला अंधार, म्हणून मीच तो बायपास करायला लावला. बटण सांगत होतं की वायर गळतेय, आणि मी बटणच काढून टाकलं. म्हैस वाचली आणि घरातलं कोणी ओल्या पायानं त्या टाकीला टेकलं नाही, हे निव्वळ नशीब.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. पावसाळ्यात ईएलसीबी पडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा बटणात नसतो, वायरीत, जोडात किंवा मोटरीत असतो. तो शोधायचा सोडून बटण काढणं म्हणजे राखणीचा कुत्रा भुंकतो म्हणून त्यालाच हाकलून देणं.

*"एमसीबी आहे की!"* असं बरेच जण म्हणतात. हिशोब करून बघा. उन्हाळ्यात जमीन कोरडी असते, अर्थिंगच्या खड्ड्यात वर्षभर कुणी पाणी घातलेलं नसतं. अशा अर्थिंगचा रोध ५० ओहम धरला, तर २३० व्होल्टला जमिनीत जाणारा करंट होतो ४.६ अँपिअर. तुमचा एमसीबी १६ अँपिअरचा. तो पडणारच नाही, आणि खांब जिवंत राहील. एमसीबी जादा लोड आणि शॉर्टसर्किटपासून वायरीला वाचवतो. माणसाला-जनावराला वाचवायचं काम ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीचं, म्हणजे ०.०३ अँपिअर गळती झाली तरी क्षणात पडणाऱ्या बटणाचं. दुकानात डब्यावर आरसीसीबी लिहिलेलं असेल, तेच घ्या. एकाचं काम दुसरा करत नाही, दोन्ही लागतात.

जनावराला धोका आपल्यापेक्षा जास्त. पायात चप्पल नाही, खूर ओल्या शेणामुतात, पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर मोठं. जमिनीत उतरलेला करंट पुढच्या पायातून मागच्या पायाकडं जाताना छातीतून जातो. आपल्याला नुसती झिणझिणी येते तिथं जनावर पाणी सोडतं, दूध चोरतं, नाहीतर जागेवर पडतं.

*बटणं कुठं बसवायची?* इथं बहुतेकांची गफलत होते. एमसीबी-ईएलसीबीचा डबा गोठ्यात बसवतात. पण मग घरापासून गोठ्यापर्यंतची वायर उघडीच राहिली ना? कुदळ लागते, उंदीर कुरतडतो तो तोच टप्पा. म्हणून गोठ्याच्या लाइनची दोन्ही बटणं *घराच्या बाजूला*, वायर जिथून निघते तिथं हवीत. गोठ्यात चालू-बंद करायला वेगळा स्विच ठेवा.

*वायर कोणती, कशी न्यायची?*

▪️ घरातली साधी वायर बाहेर ओढू नका. आयएसआय मार्कची तीन कोरची आर्मर्ड केबल घ्या. तिसरी कोर अर्थची. केबलवरचं लोखंडी कवचही अर्थला जोडून घ्या. गोठ्यापाशी अर्थिंगचा वेगळा खड्डा करा. न्यूट्रललाच अर्थ समजून जोडणं हा जिवाशी खेळ आहे.

▪️ जमिनीतून नेताना अडीच फूट खोल चर घ्या. खाली वाळू, वर वाळू, त्यावर विटा आणि लाल पट्टी. ट्रॅक्टर जातो तिथं आणखी खोल आणि पाइपातून. पाइपाची दोन्ही तोंडं बुजवा, उंदीर तिथूनच शिरतो.

▪️ उकिरडा आणि मुताच्या नालीजवळून केबल नेऊ नका. शेणामुतानं लोखंडी कवच गंजतं.

▪️ मातीत जोड अजिबात नको. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, जोड ओढला जातो. द्यायचाच झाला तर जमिनीच्या वर, बंद डब्यात. नदीकडच्या सभासदांनी इंद्रायणीचं पाणी आजवर जिथपर्यंत चढलं त्याच्या वर डबा बसवावा.

▪️ वरून न्यायची असेल तर झाडाला किंवा पत्र्याला बांधू नका. दोन पक्के खांब, मधे ताणाची तार, तिला केबल. भरलेली ट्रॉली आणि वर बसलेला माणूस सहज खालून जाईल एवढी उंची ठेवा.

▪️ जाडी लोड बघून ठरवा. २ एचपीची कडबाकुट्टी चालताना साधारण १० अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. लांब अंतरावर बारीक वायर असेल तर मोटर गुरगुरते, वायर तापते. मग मोठा एमसीबी टाकून भागवू नका, वायर जाड करा.

आपल्या भागात दोन गोष्टी जास्तीच्या आहेत. एक, जेसीबी. देहू, विठ्ठलनगर, माळवाडी, येलवाडी, तळवडे, कुठं ना कुठं रोज खोदकाम चालू असतं. म्हणून केबल कुठून गेली तिथं दगड रोवून खूण करा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. दुसरी, भाड्याच्या खोल्या. जुना गोठा पाडून तळवडे-चाकणच्या कामगारांना खोल्या दिल्या, पण वायर तीच, एका बल्बसाठी ओढलेली. आता तिच्यावर हीटर, इस्त्री, शेगडी. भाडं आपण घेतो, तर त्या पोरांच्या जिवाची जबाबदारीही आपलीच.

बीज आणि पालखी प्रस्थानाला आपल्या शेडमध्ये वारकरी उतरतात. गोठ्यातूनच एक वायर ओढून मांडवात माळ लावली जाते. ओल्या कपड्यातला पाहुणा त्या खांबाला टेकतो. पाहुण्यांची सेवा करताना निदान खांब तरी कोरडा आणि निर्जीव असावा.

*खर्चाचं काय?* आर्मर्ड केबल महाग आहे, खोटं कशाला बोलू. पण चर आपण खोदू शकतो, वाळू-विटा घरच्या असतात. पैसे कमी असतील तर आधी ईएलसीबी आणि अर्थिंग करा, केबल सुगीनंतर. मीटरपर्यंतची लाइन महावितरणची, मीटरच्या पुढची आपली. तिथं कोणी येऊन बदलून देणार नाही. म्हशीची किंमत तुम्हाला माहीत आहे, माणसाची सांगायला नको.

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. वस्तीतल्या पाच-सहा सभासदांनी मिळून एकाच दिवशी बोलावलं तर त्यालाही परवडतं. केबलची गळती मेगरनं मोजायला सांगा. ईएलसीबीवरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पडला नाही तर तो लगेच बदला.

आणि कधी जनावर चिकटलंच, तर दावं सोडायला धावू नका. जनावर सोडवायला गेलेला माणूसच आधी जातो. *पहिलं मेन बंद.* महावितरणची लाइन तुटून पडली असेल तर लांब राहा आणि १९१२ ला फोन करा. माणसाला शॉक बसला असेल तर मेन बंद करून लगेच १०८.

आज संध्याकाळी धार काढायला जाताना एवढंच करा: वायर घरापासून गोठ्यापर्यंत नजरेनं तपासत जा, हात लावू नका. मधे कुठं टेप दिसला, तर उद्या सकाळी पहिला फोन वायरमनला.

राम कृष्ण हरी 🙏