जुन्या पगारावर नवी सही करू नका!



गेल्या सोमवारी पहिली पाळी सुटताना गेटबाहेर दोन पोरं पिवळी पत्रकं वाटत होती. ‘हप्ते थांबवा, कर्ज अर्ध्यात मिटवा!’ स्वेच्छानिवृत्तीची (व्हीआरएस) नोटीस फलकावर लागून तेव्हा जेमतेम चार दिवस झाले होते. सातपूर-अंबडमध्ये कुठल्या कारखान्याला घरघर लागली आहे, हे या लोकांना आपल्या आधी कळतं. त्यांचा राग आहेच, पण त्याहून जास्त राग आपल्याच माणसांचा येतो. बुधवारपर्यंत आपल्यातल्या अकरा जणांनी त्या नंबरावर फोन केले. तिघांनी आगाऊ फी भरली, तीही पावती न घेता. संघटनेचं कार्यालय गेटपासून शंभर पावलांवर आहे. तिथे या अकरांपैकी एकही जण फिरकला नाही.

ही मंडळी काय सांगतात ते ऐका. बँकेचे हप्ते मुद्दाम बंद करा, तेच पैसे दरमहा आमच्याकडे जमा करा, बँक घाबरली की आम्ही तडजोड करून देतो. काय सांगत नाहीत, तेही ऐका. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं बुडीत वर्गात जातं. दिलेला चेक परतला तर कलम १३८ लागतं, आणि खात्यातून परस्पर वळता होणारा हप्ता परत गेला तरी २००७ च्या पेमेंट कायद्याखाली तसाच फौजदारी दावा होऊ शकतो. घर तारण असेल तर सरफेसी कायद्याची साठ दिवसांची नोटीस येते. तोपर्यंत पिवळ्या पत्रकाचा फोन बंद झालेला असतो. आणि कर्जाला जामीन राहिलेला तुमचा पाळीतला सोबती? त्याचं तर पत्रकात नावच नाही.

आता मुद्द्याचं. व्हीआरएस घेणाऱ्यांचा पगार थांबणार आहे, आणि न घेणाऱ्यांचाही ओव्हरटाइम पुढच्या महिन्यापासून बंद होतोय. ज्याच्या हातात ४१,००० येत होते त्याच्या हातात २९,००० येतील. हे आपल्याला आज माहीत आहे, बँकेला अजून नाही. आपल्याकडे आहे तो एवढाच वेळ, आणि तो आपण पत्रकं वाचण्यात घालवतोय.

कर्जावर कायदेशीर तोडगा काढायचा तर पगार चालू असताना काढा. खातं स्वच्छ असताना मागणाऱ्याला बँकेच्या खुर्चीवर बसवतात, थकल्यावर जाणाऱ्याला वसुली खात्याकडे पाठवतात. २०२० चा अनुभव विसरलात का? मार्च ते ऑगस्ट हप्त्यांना स्थगिती होती. ६ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने कर्ज पुनर्रचनेची योजना आणली, पण ती कुणाला? १ मार्च २०२० रोजी ज्याचं खातं तीस दिवसांपेक्षा जास्त थकलेलं नव्हतं, त्यालाच. एकतिसाव्या दिवशी असलेला बाहेर. त्या काळात याच कार्यालयात, तोंडाला मास्क लावून, आपल्या कार्यकर्त्यांनी रात्री दहापर्यंत सभासदांचे अर्ज भरून दिलेत. ज्यांची घरं तेव्हा वाचली, त्यांतलेच काही आज पत्रकवाल्यांना फी भरताहेत. याला काय म्हणायचं?

पण तोडगा मागायला जाताना एक चूक करू नका, आणि याच चुकीसाठी हे आवाहन छापायला घेतलं. कुठल्याही तोडग्यावर सही करताना आजची पगारपट्टी धरून आकडा कबूल करू नका. हिशोब मांडायचा तो घटणाऱ्या पगाराचा. आपला वेल्डिंगमधला एक सभासद दोन वर्षांपूर्वी लोकअदालतीत गेला होता. त्या महिन्यात ओव्हरटाइम जोरात, म्हणून ऐटीत दरमहा १५,००० कबूल करून आला. चार महिन्यांनी ओव्हरटाइम आटला. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकमासारखाच असतो, त्यावर अपील नाही. बँकेने तोच निवाडा अंमलबजावणीला लावला. कबूल करताना ९,००० म्हणाला असता तर बँकेने थोडी घासाघीस करून ते मान्य केलं असतं. जास्त आकडा कबूल करण्यात कसली आली प्रतिष्ठा!

तोडगे काय आहेत? पहिला, आणि बहुतेकांना लागू पडेल असा, हप्त्याची फेररचना. घरकर्जाचे १८ लाख शिल्लक आहेत, ९ टक्के व्याज आणि १२ वर्षं बाकी आहेत असं धरा. हप्ता साधारण २०,५०० बसतो. मुदत २० वर्षं करून घेतली तर तो १६,२०० वर येतो. महिन्याला चार हजारांची सोय झाली, पण एकूण परतफेड नऊ लाखांहून जास्त वाढली. हे गोड बोलून कुणी लपवेल, आम्ही लपवणार नाही. शिवाय मुदत सहसा निवृत्तीच्या वयापुढे जात नाही, पन्नाशीतल्याला बँक वीस वर्षं देईलच असं नाही. फेररचनेची नोंद सिबिलमध्ये होते आणि नवं कर्ज काही वर्षं अवघड जातं. जाऊ द्या. नवं कर्ज हवंय कुणाला?

दुसरा, एकरकमी तडजोड. हातात व्हीआरएसची रक्कम येणार असेल तरच तिचा विचार करा. सिबिलच्या अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, आणि बँकेने काही रक्कम सोडली असेल तर तिच्याकडून निदान बारा महिने नवं कर्ज मिळत नाही. तिसरा लोकअदालतीचा, तिथे कोर्ट फी नाही. चौथा नादारीचा. चहाच्या टपरीवर बसलेले स्वयंघोषित वकील सध्या हाच सांगताहेत, ‘नादारी लाव आणि मोकळा हो.’ इतक्या सहज मोकळं कुणी होत नाही. नाशकात हा अर्ज १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात होतो, मुंबईत १९०९ च्या कायद्याखाली. तुमची मिळकत रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि तारण घेतलेली बँक घरावरचा हक्क सोडत नाही. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेतला साध्या कर्जदारासाठीचा भाग अजून लागूच झालेला नाही. अगदी शेवटचा दरवाजा आहे तो, आणि वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय तिथे जाऊच नका.

व्हीआरएसच्या पैशाबद्दल स्पष्ट सांगतो. सहा महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला काढा. उरलेल्यातून क्रेडिट कार्ड संपवा. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर एक लाखाच्या थकबाकीवर ३,५०० व्याज आणि ६३० जीएसटी, म्हणजे किमान रक्कम म्हणून भरलेल्या ५,००० मधले जेमतेम ८७० मुदलात जातात. मग वैयक्तिक कर्ज, मग पतपेढी. घरकर्जाचं शेवटी बघा. बदलत्या व्याजदराचं घरकर्ज आधी फेडलं तर दंड लागत नाही, म्हणून ते घाईने आजच फेडायचं कारण नाही.

पतपेढीचं मात्र वेगळं आहे. तिथे जामीनदार आपलेच. कायद्याने कर्जदार आणि जामीनदार यांची जबाबदारी सारखीच आहे. तुम्ही व्हीआरएस घेऊन गावी जाल, आणि वसुलीची कपात लागेल ती तुमच्यामागे कामावर राहिलेल्या माणसाच्या पगारात. त्याच्या पोराच्या फीमधून तुमचा हप्ता जाईल. जामीनदाराच्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या तर तो पुढच्या व्यवहारातून सुटू शकतो, म्हणून फेररचनेच्या कागदावर संस्था त्याचीही सही मागते. ज्यांनी जामीनदाराला अजून एका शब्दाने सांगितलेलं नाही, त्यांनी आज रात्री त्याच्या घरी जावं. सही मागायला ज्या तोंडाने गेलात, त्याच तोंडाने जा.

आणि एक लाजिरवाणी गोष्ट. नोटीस लागल्यानंतर काही सभासदांनी जुनी पगारपट्टी दाखवून नवी कर्जं काढली. एकाने मुलीच्या लग्नासाठी पाच लाख उचलले. ‘पगार आहे तोवर घेऊन टाकू’ हा हिशोब शहाणपणाचा वाटत असेल, पण ही फसवणूक आहे. अशा प्रकरणात संघटना तुमच्या बाजूने उभी राहणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

कुणी म्हणतं, ‘बँक थोडीच ऐकते?’ लेखी दिल्याशिवाय कशी ऐकेल? तोंडी विनवणीला पोच नसते. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पुनर्रचना हा हक्क नाही, बँक नाही म्हणू शकते, पण तीस दिवसांत उत्तरच आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. दुसरा म्हणतो, ‘सरकार माफ करेल.’ २०१९ च्या महात्मा फुले योजनेत शेतकऱ्यांची दोन लाखांपर्यंतची पीककर्जं माफ झाली. तुमचं बुलेटचं कर्ज त्यात बसत नव्हतं आणि पुढेही बसणार नाही.

वसुलीवाल्यांना घाबरू नका. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शिव्या दिल्या, नातेवाइकांना फोन केले तर वेळ-तारीख लिहून ठेवा आणि आम्हाला आणून द्या. सरफेसीची नोटीस आली तर ती कपाटात ठेवू नका. तिला लेखी हरकत घेता येते, आणि बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बिनपरवाना सावकाराकडे तर पाऊलही टाकू नका. २०१४ च्या कायद्याने तो गुन्हेगार आहे, पण दारात उभा राहील तेव्हा तो तुम्हाला कायदा वाचून दाखवणार नाही.

या आठवड्यात करायचं ते असं. प्रत्येक कर्जाचा उतारा काढा, हातउसने आणि बायकोचे गहाण दागिनेही धरा. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढा. कंपनीचं पत्र आणि सहा महिन्यांच्या पगारपट्ट्या जोडा. घटलेल्या पगारातून किराणा, फी, औषधं, भाडं वजा करून जे उरतं तो आकडा एका कागदावर लिहा. सही करायची ती त्या आकड्यावर. हे सगळं घरच्यांसमोर करा, लपवून नको.

शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊ संघटनेच्या कार्यालयात अर्ज भरून देण्याची सोय आहे. बँकेतून निवृत्त झालेले दोघे जुने स्नेही मदतीला बसणार आहेत, फी नाही. पिवळ्या पत्रकवाल्यांना पैसे दिलेल्या तिघांनीही यावं, कुणी टोमणा मारणार नाही. येताना जामीनदाराला सोबत आणा.

सरचिटणीस व कार्यकारिणी