नागलोकची वाट

6 डिसेंबर 1956. इंग्रज भिक्खू संघरक्षित नागपुरात उतरले आणि काही वेळातच बाबासाहेब आंबेडकर गेल्याची बातमी आली. त्यांच्या बौद्ध धम्मदीक्षेला जेमतेम सात-आठ आठवडे झाले होते. माणसं सैरभैर झाली होती. त्या रात्री कस्तुरचंद पार्कात संघरक्षित लोटलेल्या जनसमुदायासमोर उभे राहिले आणि पुढचे तीन-चार दिवस वस्त्यावस्त्यांत बोलत राहिले. दिलासा मिळाला, पण धम्म शांतपणे बसून शिकायचा कुठे? 1977 साली धम्मचक्र प्रवर्तनदिनीच त्यांचे शिष्य लोकमित्र योगायोगाने नागपुरात आले, दीक्षाभूमीवरची गर्दी पाहून भारावले आणि पुढे भारतातच काम करू लागले. त्याच कामातून पुढे पुण्याजवळ भाजे लेण्यांच्या परिसरात शिबिरकेंद्र झालं आणि इथे नागपुरात कामठी रोडवर नागलोक हे निवासी धम्मशिक्षण केंद्र उभं राहिलं. चालत्या बुद्धाच्या उंच मूर्तीमागच्या वसतिगृहांत अनेक राज्यांतली तरुण मुलंमुली एकत्र राहतात, ध्यान करतात, आंबेडकर वाचतात. जातीने तोडलेल्या माणसांना एका पंगतीत बसवणारं हे काम मला प्रवचनांपेक्षा मोलाचं वाटतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातल्या तरुणांना एखाद्या धम्मशिबिराला जरूर पाठवा; जमलं तर स्वतःही जा.