शिक्षकाला ध्यानधारणा नको, जोडीला शिक्षक द्या!

दरवर्षी ७ नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, रामजी सुभेदारांच्या भिवाचं नाव दाखल झालं. मेढ्यातून एसटीत बसलं की सातारा काही लांब नाही. आपली पोरं अभिवादनाला जातात, फोटो काढतात, परत येतात. पण मेढ्याच्या वर, जावळीच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर आजचा भिवा जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत बसतो, तिथल्या गुरुजींची आणि बाईंची काय अवस्था आहे, हे आपण कधी विचारतो का?

सध्या शिक्षकांच्या ‘स्वास्थ्या’ची मोठी चर्चा आहे. ताणमुक्ती, ध्यान, प्राणायाम, सकारात्मक विचार. कुणीतरी व्याख्याता येतो, डोळे मिटायला सांगतो, दीर्घ श्वास घ्यायला सांगतो आणि मानधन घेऊन जातो. जोडीला आहे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं सांगितलेलं दरवर्षी ५० तासांचं व्यावसायिक विकासाचं प्रशिक्षण. माझा विरोध शिकण्याला नाही आणि विश्रांतीला तर अजिबात नाही. माझा विरोध या लबाडीला आहे: ताण व्यवस्थेनं द्यायचा आणि त्यावरचा उपाय मात्र शिक्षकानं स्वतःच्या नाकपुड्यांत शोधायचा!

साधा हिशेब करा. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. डोंगरातल्या शाळेत पटच कमी, म्हणजे दोनच शिक्षक आणि वर्ग चार. त्यातला एक प्रशिक्षणाला गेला की राहिलेल्या एकानं चारही वर्ग सांभाळायचे. पोषण आहाराचा हिशेब त्यानंच लिहायचा, यू-डायसची माहिती त्यानंच भरायची, ‘अपार’ आयडीसाठी पालकांच्या मागं त्यानंच फिरायचं, आणि डोंगरात रेंज नसेल तर फोन घेऊन टेकडीवर त्यानंच चढायचं. जो प्रशिक्षणाला गेला, तो परत येऊन नवं शिकलेलं वापरणार कधी? तोवर दुसऱ्याची पाळी आलेली असते. याला व्यावसायिक विकास म्हणायचं की हजेरीपट भरणं?

याच कायद्याचं २७ वं कलम सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपता येणार नाही. मतदार यादीची कामं सुट्टीच्या आणि शिकवणं नसलेल्या दिवशीच द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली बजावलं. कायदा आहे, निकाल आहे. नाही ती फक्त अंमलबजावणी. आणि ती मागणारा शिक्षक ‘कामचुकार’ ठरतो.

मित्रांनो, शिक्षकाचं प्रशिक्षण ही कुणा साहेबानं दिलेली भेट नाही. तो आपला वारसा आहे. याच जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीमाई अहमदनगरला फरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंकडे अध्यापनाचं शिक्षण घेऊन शिक्षिका झाल्या. १८५६ साली आजारी पडून त्या माहेरी आल्या, तेव्हा जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांना काळजी होती ती मागं शाळेचा भार एकटीनं ओढणाऱ्या फातिमाची. शिक्षकाच्या स्वास्थ्याचा प्रश्न काय असतो, हे माईंना पावणेदोनशे वर्षांपूर्वी कळलं होतं: एक आजारी पडली की तिचं ओझं दुसरीच्या डोक्यावर जातं. त्यावर उपाय तिसरी शिक्षिका हाच आहे.

१८८२ साली हंटर आयोगापुढं जोतिरावांनी काय मागितलं? प्राथमिक शाळेला प्रशिक्षित शिक्षक द्या, तो शेतकरी-कष्टकरी वर्गातून येऊ द्या आणि त्याला १२ रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नका. प्रशिक्षण आणि पगार त्यांनी एकाच दमात मागितले, कारण अर्धपोटी शिक्षक चांगला शिकवू शकत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्यात शिक्षक घडवणारं ट्रेनिंग कॉलेज उभं केलं ते बहुजनांच्या पोरांना मास्तर करण्यासाठी. बाबासाहेबांचे वडील रामजी तर लष्कराच्या नॉर्मल स्कुलात शिकून शिक्षक आणि पुढं मुख्याध्यापक झालेले. बाबासाहेब एका प्रशिक्षित शिक्षकाचे पुत्र होते, हे आपण किती वेळा सांगतो?

आणि बाबासाहेबांनी कामगाराच्या आरोग्याकडे कसं पाहिलं? त्यांनी कामगाराला मन शांत ठेवायला सांगितलं नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात ते प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूनं उभे राहिले. पुढं मजूर मंत्री असताना कामाचे तास कमी करण्याचं धोरण त्यांनी पुढं नेलं. म्हणजे आरोग्य हा त्यांच्यासाठी कायद्याचा आणि हक्काचा विषय होता, उपदेशाचा नाही. हाच निकष शिक्षकाला लावा.

आता या प्रशिक्षणांत काय शिकवत नाहीत ते पाहू. जात शिकवत नाहीत! साताऱ्याच्या शाळेत भिवाला वेगळं, स्वतःच्या गोणपाटावर बसावं लागे. शिपाई नसेल तर तहानलेलं राहावं लागे. त्याच साताऱ्यात आपल्या डब्यातली भाकरी देणारे आंबेडकर गुरुजीही होते. पण एका गुरुजींच्या भल्या मनानं गोणपाट हटलं नाही. चांगुलपणा पुरत नाही, व्यवस्था बदलावी लागते. आज गोणपाट नसेल. पण वर्गात कुणाला पुढं बसवलं जातं, झाडू कुणाच्या हातात येतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कुणाची जात मोठ्यानं उच्चारली जाते? ५० तासांतले पाच तास तरी यावर द्या. आणि वाडीवर एकट्या पडलेल्या, भाड्याची खोली मागताना आडनाव विचारल्या जाणाऱ्या आपल्या समाजातल्या शिक्षिकेचा ताण कुठल्या प्राणायामानं जाणार, तेही एकदा सांगा.

असुरक्षितता हाही ताणच आहे. २०२४ सालच्या शिक्षकदिनीच, ५ सप्टेंबरला, कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा शासन निर्णय निघाला. शिक्षक रस्त्यावर उतरले आणि पुढं तो मागं घ्यावा लागला. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असेल तर दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. गुणवत्ता हवीच, आपल्या लेकरांसाठी तर दुप्पट हवी. पण ज्या सरकारनं स्वतःच्या नियमांनी नेमणूक दिली, वर्षानुवर्षं कागद रंगवायला लावले, त्यानं आता अभ्यासाला रजा, पुस्तकं आणि मार्गदर्शन द्यायला नको?

“गलेलठ्ठ पगार घेतात, वर रडतात,” असं आपल्यातलेही काही कार्यकर्ते बोलतात. त्यांना विचारा, नव्यानं लागणारा शिक्षणसेवक तीन वर्षं किती मानधनावर राबतो? प्राथमिकला १६ हजार, आणि २०२३ पूर्वी ते फक्त सहा हजार होतं. हो, शाळा बुडवणारेही आहेत. आरक्षणातून नोकरी मिळवून वस्तीकडे पाठ फिरवणारेही आहेत. त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण शिक्षक वाईट म्हणून शाळाच मोडू देणं हा जाब नव्हे. पैसेवाल्याचं पोर साताऱ्याला इंग्रजी शाळेत जाईल. वाडीवरची शाळा मेली तर आपलंच पोर घरी बसेल.

म्हणून मेढ्यापासून सुरुवात करू. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या आयाबहिणींना त्या समितीत बसवा आणि तीन ठराव करून घ्या. पहिला, प्रशिक्षणाला गेलेल्या शिक्षकाच्या जागी त्या दिवसांसाठी बदली शिक्षक मिळाल्याशिवाय शाळा एकट्याच्या भरवशावर सोडू नये. दुसरा, २७ व्या कलमाबाहेरचं प्रत्येक काम लेखी आदेशानंच द्यावं. तिसरा, प्रशिक्षणात जातीभेद, संविधान आणि बालकांचे हक्क हे विषय सक्तीचे असावेत आणि शिक्षकांसाठी तालुक्याला एक समुपदेशक असावा. ठराव पंचायत समितीकडे द्या, पोच घ्या, उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

७ नोव्हेंबर ही तारीख आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवा. १९३८ साली याच दिवशी बाबासाहेबांनी मुंबईच्या कामगारांना घेऊन औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप केला. विद्यार्थी दिवस आणि कामगारांच्या संपाचा दिवस एकच आहे. पोरगं आणि त्याचा मास्तर, दोघांची लढाईही एकच आहे. यंदा अभिवादन करून परतताना वाटेत एखाद्या वाडीच्या शाळेत थांबा. बाईंना विचारा, “आज तुमच्यासोबत दुसरं कोण आहे?” लढाई कुठून सुरू करायची, ते त्या उत्तरात कळेल.

जय भीम! जय सावित्री!