हत्यार हातात तोलून घ्यावे

नांदेडहून लातूरकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग ३६१ लोह्यातून जातो. आसपासच्या खेड्यांतून तालुक्याला आलेला माणूस एकाच फेरीत खत-बियाणे, मोटारीचे स्टार्टर, पाइपाचे जोड आणि एखादी पक्कड किंवा पाना घेऊन परततो. गवंडी, सुतार, नळकाम करणारे, ट्रॅक्टरचे फिटर, जळालेल्या मोटारी भरणारे यांची तर रोजी हत्यारावरच चालते. तरीही खरेदीत सर्वांत कमी विचार होतो तो हत्याराचाच. बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर वाचणारा शेतकरी ग्राइंडरच्या चकतीवरचे आकडे वाचत नाही. आता तर मोबाइलवर फोटो पाहून ड्रिल मशीन मागवण्याची रीत पडली आहे. ही रीत कारागिराच्या तोट्याची आहे. हत्यार तालुक्याच्या दुकानात जाऊन, हातात घेऊन, पाहूनच घ्यायला हवे. आणि तिथे चांगले हत्यार मिळेल हे दुकानदाराने आणि सरकारनेही पाहायला हवे.

फोटोत पक्कड चकचकीत दिसते, पण तिचे दोन जबडे टोकापर्यंत मिळतात की नाही हे फोटो सांगत नाही. दुकानात ती उजेडासमोर धरली की लगेच कळते. तारा कापायच्या धारेतून उजेडाची फट दिसली, तर ती तार कापण्याऐवजी नुसती दाबणार. मधला रिवेट ढिला असेल तर हात उघडतानाच जबडे बाजूला सरकतात. कॉम्बिनेशन पक्कडीसाठी भारतीय मानक आहे, आयएस ३६५०; हातोडीसाठी आयएस ८४१ आहे. वेष्टनावर आयएसआयची खूण असेल तर तिच्याजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांकही असायला हवा. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये टाकला, की परवाना कोणाचा आणि तो चालू आहे का हे दुकानात उभ्या उभ्या समजते. दुकानदाराला यात राग येण्यासारखे काही नाही. ज्याचा माल खरा आहे त्याला तर ही तपासणी हवीच असते.

पान्याचेही तसेच. बोल्ट सोबत न्यावा आणि पाना त्यावर बसवून पाहावा. तोंड किंचित जरी सैल असले, तरी जोर लावताना पाना घसरतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. गोल झालेला नट मग छिन्नीने तोडावा लागतो. पाना घेताना वाचलेले पन्नास रुपये एका दुपारीच खर्च होतात, ते असे. गवंड्याच्या लेव्हलची परीक्षा तर फारच सोपी आहे. काउंटरवर ठेवून बुडबुडा कुठे थांबतो ते पाहायचे, मग लेव्हल उलट दिशेने फिरवून त्याच जागी ठेवायची. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच बाजूला, तेवढाच थांबला पाहिजे. सुताराच्या गुण्याने एका सरळ कडेवर रेघ मारून, गुण्या उलटवून त्याच जागी दुसरी रेघ मारली आणि दोन रेघा फाकल्या, तर तो काटकोन खोटा. मोजपट्टीच्या टोकाची हूक थोडी हलते म्हणून अनेक जण ती परत करतात. खरे तर ती मुद्दाम तशीच केलेली असते. हुकेच्या जाडीएवढी ती सरकते, त्यामुळे कड पकडून मोजले काय किंवा भिंतीला टेकवून मोजले काय, माप बरोबर येते. जुन्या दुकानदाराला हे सगळे तोंडपाठ असते आणि तो ते फुकट सांगतो.

विजेच्या हत्यारांत मात्र चूक पैशावर भागत नाही. बोटे, डोळे, कधी जीवही जातो. चार इंची अँगल ग्राइंडर आज गावोगावी आहे. १९५४ मध्ये जर्मनीत हे यंत्र पहिल्यांदा बनले, आणि आता खिडकीच्या जाळीपासून ट्रॉलीच्या फाळक्यापर्यंत सगळी कामे त्यावर होतात. मोकळे फिरताना ते मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेते. चांगल्या कटिंग चकतीवर तिची कमाल गती छापलेली असते: सेकंदाला ८० मीटर. चार इंची चकतीला ही मर्यादा मिनिटाला १५,००० फेऱ्यांच्या वर येते, म्हणजे ती सुरक्षित आहे. सात इंची चकतीला तीच मर्यादा साडेआठ हजारांवर संपते. गार्ड काढून लहान मशीनवर सात इंची चकती बसवली, तर तिची कड सेकंदाला १०० मीटरहून जास्त वेगाने धावते आणि चकती फुटू शकते. तेव्हा तिचे तुकडे अडवायला गार्ड नसते, कारण चकती बसावी म्हणून ते आधीच काढून टाकलेले असते. लाकूड कापण्याची दाताची पाती ग्राइंडरला लावणे तितकेच घातक. पाती अडकली की मशीन झटका देऊन उलटे अंगावर येते.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक पाहतात. चकतीच्या मध्यभागी पत्र्याची कडी असते, तिच्यावर महिना आणि वर्ष कोरलेले असते. ती चकतीची मुदत आहे. राळेने बांधलेली चकती साधारण तीन वर्षांनी कमजोर होते. ओलीत पडलेली असेल तर त्याआधीच. दुकानातून सुटी चकती घेताना ही तारीख वाचावी, आणि दुकानदाराने मुदत संपलेला माल काउंटरवरून काढून टाकावा. औषधाच्या दुकानात आपण हे मागतो, तसेच इथेही मागायला हवे.

मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचे आहे, त्याला अर्थिंगची वेगळी तार लागत नाही. विहिरीवर, शेडमध्ये, अर्धवट बांधकामावर अर्थिंग बहुतेक वेळा नावालाच असते, म्हणून ही खूण महत्त्वाची. तिथे दुसरा त्रास कमी दाबाच्या विजेचा. लांबलचक बारीक वायरवरून ड्रिल चालवले की दाब आणखी पडतो, मोटार गरम होते आणि आर्मेचर जळते. मग दोष मशीनवर येतो. जाड वायरचे चांगले एक्स्टेंशन हेही हत्यारच समजून घ्यावे.

बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलच्या बाबतीत तर ग्राहकाची उघड फसवणूक चालते. ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ ही एकाच बॅटरीची दोन नावे आहेत. आत पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. काम करताना त्यांचा दाब १८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर २० च्या आसपास. यात खोटे काही नाही. पण ऑनलाइन बाजारात ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असे मोठे आकडे छापलेली स्वस्त मशीन मिळतात. त्यांच्या आतही बहुधा तेच पाच सेल असतात. तो आकडा व्होल्टचा नाही, पण घेणाऱ्याला तो तसा वाटावा म्हणूनच छापलेला आहे. सहा महिन्यांनी बॅटरी बसली की तिला बदली मिळत नाही, आणि मशीन अडगळीत पडते.

चांगले हत्यार परदेशातूनच येते हा समज सोडून द्यायला हवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल अशी शेतकऱ्यांना भीती वाटत होती. ती भीती मागे टाकून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. टपारिया टूल्सने १९६९ पासून स्वीडनच्या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारे बनवायला घेतली. तिचा कारखाना नाशिकला आहे, आणि तिचे पाने-पक्कडी देशभरातल्या मेकॅनिकांच्या पेटीत आहेत. विजेवरची हत्यारे बनवणारी कुलकर्णी पॉवर टूल्स १९७६ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळला सुरू झाली; तिचे आजचे नाव केपीटी इंडस्ट्रीज. रेमंड समूहातल्या जेके फाइल्सच्या कानशी कोकणात, रत्नागिरीत बनत आल्या आहेत. म्हणजे लोह्याच्या काउंटरवर जे मागायचे ते महाराष्ट्रातच तयार होते. प्रश्न ते तिथवर पोचण्याचा आणि ते मागणाऱ्याचा आहे.

शेतीच्या हत्यारांची गोष्ट वेगळी, आणि ती अधिक जवळची. विळा, खुरपे, कुऱ्हाड यांच्यासाठी मराठवाड्यात अजूनही लोहार आणि घिसाडी यांच्याकडेच जावे आणि आवर्जून जावे. रस्त्याकडेला पाल टाकून बसलेले घिसाडी कुटुंब ट्रकच्या कमानपाट्याचे पोलाद तापवून त्याचा विळा घडवते; घण बहुतेक वेळा घरातली बाई मारते. कमानपाट्यात धार धरून ठेवण्याइतका कार्बन असतो, त्यामुळे नीट पाणी दिले की धार टिकते. पत्र्यातून कापून रंगवलेल्या विळ्याला ती धार येत नाही. घेताना विचारावे की पोलाद कशाचे आहे, आणि धारेवरून कानस हलकेच फिरवून पाहावी. कानस घसरली तर धार कडक आहे. कानशीने सहज किस निघाला तर ती मऊ आहे, दोन दिवसांत मोडेल. लोहा तालुक्यातच माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी ती प्रसिद्ध आहे, आणि जिल्हा परिषद तिथे कृषी प्रदर्शन भरवते. त्या प्रदर्शनात ट्रॅक्टरच्या अवजारांबरोबर हाताने घडवलेल्या अवजारांना आणि ती घडवणाऱ्यांना मानाची जागा मिळाली, तर शेतकऱ्याला चांगला विळा कोणाकडे मिळतो हे कळेल.

आता दुकानदारांविषयी. तालुक्याचे दुकान टिकावे असे म्हणताना त्याचे दोष झाकण्यात अर्थ नाही. पहिला दोष पक्क्या बिलाचा. ‘बिल हवे तर जीएसटी वेगळा पडेल’ हे वाक्य अनेक काउंटरांवर ऐकू येते. हाताने चालवायच्या शेती अवजारांवर, म्हणजे कुदळ, फावडे, विळा, कुऱ्हाडीवर, जीएसटी नाहीच. पाने, पक्कड, ड्रिल, ग्राइंडरवर तो १८ टक्के आहे, आणि छापील कमाल किमतीत तो धरलेलाच असतो. बिल नसेल तर वॉरंटी नसते आणि तक्रारही उभी राहत नाही.

इथे कारागिरांना एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही, असे त्यांना सांगितले जाते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र स्पष्ट लिहिले आहे की स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ही ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. एकटा फिटर, एकटा सुतार हा ग्राहकच आहे. त्याला तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फी लागत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तरी अनेक प्रकरणे तिथेच मिटतात.

दुसरा दोष सुट्या भागांचा. दुकानात मशीन दहा प्रकारची असतात, पण त्यांतल्या एकाचेही कार्बन ब्रश नसतात. ड्रिल किंवा ग्राइंडरचा कार्बन झिजणे हे ठरलेलेच असते. तो जोड काही रुपयांचा असतो. तो न मिळाल्यामुळे कारागीर एक दिवसाची मजुरी बुडवून नांदेडला जातो, किंवा झिजलेल्या कार्बनवर मशीन चालवून आर्मेचरच खराब करतो. ज्या मशीनचा कार्बन, स्विच आणि बेअरिंग आपण ठेवू शकत नाही, ते मशीन दुकानदाराने विकूच नये. हीच त्याची ऑनलाइन बाजारावर मात करण्याची जागा आहे. उधारी त्याने दिली, सोयाबीन विकेपर्यंत थांबला, ओळखीवर वस्तू बदलून दिली, हे सगळे तो आजही करतो. सुटे भाग आणि पक्के बिल एवढी भर पडली तर गिऱ्हाईक मोबाइलकडे वळणार नाही. काँक्रीट फोडायचा ब्रेकर किंवा व्हायब्रेटर यांसारखी क्वचित लागणारी यंत्रे भाड्याने देण्याचा धंदाही तालुक्यात वाढायला हवा. वर्षातून दोनदा लागणारे मशीन कर्ज काढून घेणे कोणाच्याच हिताचे नाही.

सर्वांत मोठी संधी सरकारच्या हातात आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, नेमक्या मराठवाडा मुक्तिदिनी, पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. लोहार, सुतार, गवंडी, हातोडी व हत्यारे बनवणारे, कुलूप बनवणारे अशा १८ व्यवसायांसाठी ती आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, हत्यारांच्या संचासाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचे कर्ज. पाच वर्षांसाठी १३,००० कोटी रुपयांची ही योजना आहे. तिच्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यात झाला. हेतू उत्तम आहे. पण अनेक कारागिरांना संच टपालाने बांधून आला. ज्याच्या हातात तो पुढची दहा वर्षे राहणार, त्याने तो आधी हातात धरलेलाच नव्हता. त्यातले कोणते हत्यार आपल्याकडे आधीपासून आहे, कोणते हवे आहे, हे त्याला कोणी विचारले नाही. आणि तालुक्याच्या दुकानाला त्यातून एक रुपयाचा धंदा मिळाला नाही.

म्हणून नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या विश्वकर्मा अंमलबजावणी समित्यांनी केंद्राकडे एक मागणी लेखी नोंदवावी: हे १५,००० रुपयांचे व्हाउचर तालुक्याच्या नोंदणीकृत दुकानातही वापरता यावे. अटी घालाव्यात, जरूर घालाव्यात. पक्के बिल, मानकाची खूण असलेला माल, सुट्या भागांची हमी आणि वॉरंटीचे कार्ड. एवढे मान्य करणाऱ्या दुकानालाच ते व्हाउचर स्वीकारण्याची मुभा द्यावी. लोहा, कंधार, अहमदपूर, चाकूर या गावांतल्या व्यापारी संघटनांनीही हीच मागणी आपल्या खासदारांकडे न्यावी, आणि परवानगीची वाट न पाहता कार्बन ब्रश आजपासूनच ठेवायला लागावे.