विकण्यापुरता उजेड

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

घर विकायचे ठरले तर बाजारातून सर्वांत आधी काय आणावे? माझ्या मामाला हा प्रश्न गेल्या दिवाळीनंतर पडला आणि त्याला मिळालेले उत्तर ऐकून आम्ही सगळेच चकित झालो. उत्तर होते, सहा बल्ब आणि दोन काचेची कौले.

मामाचे घर वेल्हे तालुक्यात, गुंजवणीच्या खोऱ्यात. तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच बसलेले आहे. पोटासाठी मामा पुण्याला गेला त्याला पंधरा वर्षे झाली. गावच्या घरात आजी एकटी. डोक्यावर कर्ज आणि समोर मामेभावाची फी, तेव्हा घर विकण्यावाचून मार्ग उरला नाही. आपल्या राज्यात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो; गावठाणातल्या घराला ती अट नाही. त्यातून राजगड, तोरणा, पानशेत ही ठिकाणे म्हणजे पुणेकरांची सुट्टीच्या दिवसाची वाट. २०२५ च्या जुलैमध्ये राजगडाचे नाव जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून चौकशी वाढली असे मामा सांगतो. सारांश, गिऱ्हाईक मिळणार होते. प्रश्न होता तो घर दाखवावे कसे, हा.

आमच्या मावळातली जुनी घरे अंधारी असतात. त्याला कारण आहे. चार महिने मुसळधार पाऊस. म्हणून भिंती जाड, वळचण पार खाली आलेली, खिडक्या हातभर. पाऊस आत येऊ नये म्हणून केलेल्या या सोयीने उजेडही बाहेरच राहिला. त्यात चुलीचा धूर. वासे काळे, भिंती काळ्या, खाली शेणाने सारवलेली जमीन. अशा घरात कितीही मोठा दिवा लावला तरी काळा रंग तो गिळून टाकतो.

मध्यस्थ म्हणून जो गृहस्थ आला होता त्याला हे सगळे नेमके ठाऊक होते. त्याने आधी वाशांची काजळी झाडायला लावली आणि भिंतींना चुना द्यायला लावला. पांढरी भिंत आलेला उजेड परत फेकते, ती नसेल तर बल्बाचा पैसा फुकट, असे त्याचे म्हणणे. खिडकीवर आलेली शेवग्याची फांदी तोडली. माजघरावरचे एक आणि चुलीवरचे एक अशी दोन कौले काढून तिथे काचेची बसवली. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही मंगळुरी कौले आपल्याकडे पसरली. त्याच मापाचे काचेचे कौल मिळते. मोडतोड काही नाही. एक काढायचे, दुसरे ठेवायचे.

मग बल्ब. नऊ वॅटचा एलईडी बल्ब साठ वॅटच्या जुन्या बल्बाइतका, किंबहुना थोडा अधिकच उजेड देतो. खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो : तीन हजाराच्या आसपास असला तर उजेड पिवळसर, साडेसहा हजार असला तर पांढराशुभ्र. सोप्यात पिवळसर लावायचा, कारण लाकडी खांब त्यात खुलून दिसतात. स्वयंपाकघरात पांढरा, कारण तिथे स्वच्छता दिसली पाहिजे. एका खोलीत दोन रंगांचे बल्ब नकोत. घर पूर्वेकडे तोंड करून आहे, तेव्हा गिऱ्हाइकाला सकाळी नऊ ते अकरा या वेळातच बोलवायचे. दुपारी चारनंतर डोंगराची सावली अंगणात उतरते.

मला हे सगळे पटले. यात लबाडी ती कसली? घर आहे तेच, फक्त झाडून, उजळून दाखवले. बाजारात मेथीची जुडीसुद्धा पाणी मारून मांडतात.

पण त्याचा शेवटचा सल्ला निराळा होता. माजघराच्या मागच्या भिंतीला खालून कमरेइतकी ओल येते. चुना दिला तरी तिथला डाग वर आला होता. तो म्हणाला, “इथला बल्ब काढा आणि समोरच्या भिंतीवर लावा. माणसाचा डोळा उजेडाकडे जातो. हा कोपरा आपोआप सावलीत राहील.”

मोबाईलवर फोटो काढायचे काम माझ्याकडे होते. मी बारा फोटो काढले. एकातही ती भिंत नव्हती. त्याने सांगितले म्हणून मी केले, असे म्हणून मी सुटका करून घेणार नाही. त्या घरात महाविद्यालयात जाणारी मी एकटीच होते.

पुण्याहून एक जोडपे घर पाहायला आले. फोटो पाहूनच बाईंना घर आवडले होते. सोपा पाहिला, माजघर पाहिले, काचेच्या कौलातून खाली पडलेला उन्हाचा चौकोन पाहून त्या लहान मुलीसारख्या हरखल्या. तेवढ्यात आजी उठली. कोनाड्यातली बॅटरी घेतली आणि त्या कोपऱ्यावर मारली. “बाई, हितं बघा. पावसाळ्यात हितं वल येती. मागनं डोंगराचं पानी येतं. चर खांदला तर थांबंल, पर आमच्याच्यानं झालं न्हाई.”

कोणी काही बोलले नाही. किंमत थोडी उतरली. पण महिनाभराने व्यवहार झाला. मामा मात्र आठ दिवस आजीशी बोलला नाही. “आई, गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं?” असे त्याने विचारले तेव्हा आजी एवढेच म्हणाली, “त्यांची पोरं झोपायची हितं.”

वसतिगृहात मैत्रिणींना हा प्रसंग सांगितला तेव्हा दोन तट पडले. निम्म्या जणी म्हणाल्या, पाहून घेणे हे घेणाऱ्याचे काम. हा प्रश्न मग माझ्या डोक्यातून जाईना. ग्रंथालयात बसून शोधले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे ५५ वे कलम सांगते की, मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही कळणार नाही, तो विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. नव्या बांधकाम प्रकल्पांसाठी तर २०१६ चा स्थावर संपदा अधिनियम आहे. त्याच्या १२ व्या कलमात जाहिरातीबरोबर नमुना सदनिकेचाही उल्लेख आहे. खोटे दाखवून पैसे घेतले आणि गिऱ्हाइकाचे नुकसान झाले तर भरपाई द्यावी लागते. म्हणजे ज्याला मामाने भोळेपणा म्हटले, तो कायदाच होता. आजी शाळेत गेलेली नाही.

अर्थशास्त्राच्या तासाला ऐकलेले एक नाव इथे आठवते. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला. २००१ साली त्याला मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे तो विचार होता. विकणाऱ्याला मोटारीचे दोष ठाऊक, घेणाऱ्याला नाहीत. मग घेणारा प्रत्येक मोटारीवर संशय घेतो आणि सगळ्यांनाच कमी किंमत देऊ करतो. चांगल्या मोटारीचा मालक बाजारातून निघून जातो आणि शेवटी खराब माल तेवढा उरतो. आमच्या खोऱ्याचे उद्या असेच होणार नाही कशावरून? आज दहा घरांतली ओल सावलीत लपली, तर उद्या अकराव्या कोरड्या घराचा मालकही संशयात येईल. तेव्हा आजीने मामाचे काही हजार घालवले हे खरे. पण गावाची पत राखली हेही खरे.

आपल्या भोरच्या राजवाड्यात चित्रपटांची चित्रीकरणे होतात. मोठाले दिवे लागले की तोच जुना वाडा काही और दिसतो. तिथे कोणाची फसवणूक होत नाही. तिकीट काढणाऱ्याला ठाऊक असते की हा खेळ आहे, आणि तीन तासांनी तो आपल्या घरी जातो. घर घेणारा मात्र त्या उजेडाच्या भरवशावर बिऱ्हाड हलवतो. हा फरक विसरून चालणार नाही. म्हणून माझे मत असे : घर विकताना दिवे जरूर लावावेत, चुना द्यावा, खिडक्या उघडाव्यात. फक्त दिवा असा लावावा की घर दिसेल. घरातले काही दिसू नये म्हणून लावू नये.

इथे लेख संपवता आला असता. पण मला जे बोलायचे आहे ते याच्या पुढचे आहे.

काचेचे कौल बसवले त्या दिवशी आजी चुलीपुढे तांदूळ निवडत बसली होती. वर पाहत ती सहज म्हणाली, “चाळीस वर्सं तांदूळ दारात जाऊन निवडलं. हितं बसून निवडता आलं असतं की.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र चैन पडेना. चाळीस वर्षे त्या बाईने अंदाजाने मीठ घातले, धुरात डोळे चोळले, आणि ज्या महिन्यात ती घर सोडून जाणार त्या महिन्यात तिच्या चुलीवर उजेड आला. तोही तिच्यासाठी नव्हे, गिऱ्हाइकासाठी!

हे केवळ गरिबीने झाले असे म्हणवत नाही. हिशेब करून पाहू. नऊ वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला दीड युनिटसुद्धा वीज लागत नाही. जुना साठ वॅटचा बल्ब तेवढ्याच वेळात नऊ युनिटे खात असे. केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना २०१५ साली सुरू झाली आणि एलईडी बल्ब स्वस्त होऊन खेड्यापाड्यांत पोचले. तरीही आमच्याकडे मोठा दिवा सोप्यात, जिथे पाव्हणे बसतात तिथे. चुलीपाशी झिरोचा. बिल येते, हे उत्तर बायकांनीच पाठ केलेले आहे.

मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम आठवा. वर्षानुवर्षे जी आतल्या अंधारात भाकरी थापते, तिला त्या दिवशी सोप्यात, खिडकीजवळ, उजेडात बसवतात. पाव्हणे गेले की ती पुन्हा आत. घर काय आणि मुलगी काय, उजेड द्यायचा तो दाखवण्यापुरता, ही आपली रीतच पडली आहे. माझ्या वर्गातल्या किती मैत्रिणींना घरी अभ्यासासाठी स्वतःचा दिवा आहे, हे एकदा विचारून पाहावे.

आपल्याकडे म्हण आहे, दिव्याखाली अंधार. भोरजवळचे भाटघर धरण १९२८ साली पुरे झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी पार बारामती-फलटणकडे जाते, पायथ्याशी वीजही तयार होते. पाणलोटातली आमची माणसे या गोष्टीवर नेहमी बोलतात, आणि रास्त बोलतात. पण सरकारला जाब विचारताना आपल्याच घरातल्या चुलीकडेही एकदा पाहावे, एवढेच माझे म्हणणे. तो अंधार काही धरणाने आणलेला नाही.

आमचे स्वतःचे घर हिर्डस मावळात, वरंधा घाटाच्या वाटेवर. तेही तसेच अंधारे. ‘कमवा आणि शिका’ योजनेतले माझे पैसे जमले होते, त्यातून मी गेल्या महिन्यात एक काचेचे कौल आणि एक नऊ वॅटचा बल्ब घेतला आणि एस.टी.त मांडीवर धरून घरी नेला. वडिलांनी कौल हातात घेऊन उलटेपालटे केले. म्हणाले, “का गं, घर इकायचं हाय का काय?”

मी म्हटले, “न्हाई आण्णा, ऱ्हायचं हाय.”

ते हसले. दुसऱ्या दिवशी शिडी लावून त्यांनीच ते चुलीवर बसवले. आई अजून सवयीने तांदळाचे सूप घेऊन दाराकडे जाते आणि अर्ध्या वाटेतून परत फिरते. मित्रमैत्रिणींनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा आपापल्या घरात एवढेच पाहा, की सर्वांत जास्त काम जिथे होते तिथे दिवा कोणता आहे. घर विकायची वेळ येईपर्यंत थांबू नका.