दुसरी बरणी भरलीय का?



फोनवर ‘स्टोरेज फुल’ असं आलं की आपला हात आधी कुठे जातो? डिलीटवर! गॅसवर दूध, दारात पाहुणे, त्यात फोटो निघेना. मग दिसेल ते उडवायचं. आणि आठ दिवसांनी नेमका त्यातलाच एखादा फोटो शोधत बसायचं.

माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी घरचा कॉम्प्युटर फार रखडायला लागला. दुरुस्तीला आलेल्या मुलाने विचारलं, “ताई, फॉरमॅट मारू का?” मी पोळ्या लाटत होते. आतूनच म्हटलं, “मार बाबा, एकदाचा चालू होऊ दे.” संध्याकाळी कॉम्प्युटर मस्त पळायला लागला, पण आईच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या ओव्या गेल्या. आई त्याआधीच गेली होती. त्या मुलाचा काय दोष? त्याने विचारलं होतं. प्रश्न मलाच कळला नव्हता.

हे खातं आपण नवऱ्याकडे नाहीतर मुलांकडे सोपवून मोकळ्या होतो. पण त्यात असतं काय? बचत गटाचा हिशेब, डब्यांची उधारी, ब्लाउजची मापं, पोरांचे दाखले. म्हणजे सगळा आपलाच संसार की!

खरं तर बॅकअप म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. लोणचं घातलं की आपण मोठी बरणी वर ठेवतो आणि रोजच्यासाठी छोटी काढतो. छोटीत ओला चमचा गेला, तरी मोठी शाबूत राहते. बॅकअप म्हणजे हीच दुसरी बरणी.

घोटाळा होतो तो इथे. “माझे फोटो गूगलवर आहेत,” असं आपण म्हणतो. पण बॅकअप चालू असताना गूगल फोटोजमध्ये हाताने फोटो डिलीट केला, तर तो फोनमधूनही जातो आणि गूगलवरूनही. चमचे दोन, बरणी एकच! फोनमधली जागा हवी असेल तर त्यातलं ‘फ्री अप स्पेस’ वापरायचं. ते गूगलवर पोचलेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत काढतं. शिवाय ती फुकटची जागा 15 जीबीच आहे. ईमेल, ड्राइव्ह आणि 1 जून 2021 नंतरचे फोटो, सगळे तिथेच. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो.

मोठमोठ्यांचीही अशी फजिती होते बरं का. 1998 मध्ये पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी 2’ या सिनेमाचं काम चालू होतं. कुणाच्या तरी हातून चुकीची आज्ञा गेली आणि सिनेमाचा बराचसा भाग कॉम्प्युटरवरून पुसला गेला. बॅकअप काढायला गेले, तर तोही नीट चालत नव्हता. कुणी उघडून बघितलाच नव्हता! वाचवलं कुणी? गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंनी. बाळ लहान म्हणून त्या घरून काम करत होत्या आणि घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची एक प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीतून ऑफिसात नेला. सिनेमा 1999 मध्ये पडद्यावर आला.

जाणकारांचा एक सोपा नियम आहे: तीन-दोन-एक. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी आणि त्यातली एक घराबाहेर. म्हणजे एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक गूगलवर. गूगल नको असेल, तर तिसरी प्रत पेन ड्राइव्हमध्ये भरून माहेरी ठेवा. सांगली-कोल्हापूरकडे 2019 मध्ये आणि चिपळूणला 2021 मध्ये पाणी घरात शिरलं, तेव्हा कपाटातल्या कागदपत्रांचं काय झालं ते आठवा. एकाच कपाटातल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत.

जागा मोकळी करायची ती यानंतर. आधी प्रत, ती उघडून खात्री, मगच झाडू. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ बघा. मोठाले व्हिडिओ आणि शंभरदा फिरलेले गुड मॉर्निंग आधी काढा, आपले फोटो नंतर. कॉम्प्युटरवर ‘डाउनलोड्स’ तपासा. तिथे एकच बिल चारदा उतरवलेलं सापडेल. आणि ‘रिसायकल बिन’ रिकामा केल्याशिवाय जागा सुटत नाही. तोवर तो कचरा नुसता दाराआड लोटलेला असतो.

31 मार्चला आपण गटाचे हिशेब मिटवतो. 2011 पासून त्याच दिवशी ‘जागतिक बॅकअप दिन’ही पाळतात. पण तोवर थांबू नका. येत्या रविवारी दुपारी तासभर काढा. मुलांना शेजारी बसवा, पण माउस आपल्याच हातात ठेवा.

आणि कुणी विचारलं, “फॉरमॅट मारू का?”, तर पोळी तव्यावरून उतरवा, हात पुसा आणि बाहेर येऊन सांगा, “थांब. आधी दुसरी बरणी भरलीय का ते बघते.”