जुन्या होडीची परीक्षा पाण्यात घ्या

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई यांस,


कल्याण–ठाणे–मुंबई, वसईची खाडी आणि उल्हास नदी हा जलमार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला. त्यावर कोलशेत, काल्हेर, डोंबिवली, कल्याण अशा ठिकाणच्या जेट्ट्या आखल्या गेल्या. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली पाण्याकडे वळणार असतील, तर प्रवासी बोटींसोबत शिडाच्या छोट्या होड्यांच्या शर्यतींनाही या खाडीत जागा मिळावी, असे मला मनापासून वाटते. तशी परवानगी देण्याची वेळ आली की पहिला प्रश्न जुन्या लाकडी होड्यांचा निघेल: त्यांना शर्यतीत उतरू द्यायचे की नाही? माझी विनंती अशी की होडी किती वर्षांची आहे यावर हा निर्णय घेऊ नये. पाण्याने भरली, कलंडली, तर ती आपल्या माणसांना किती वेळ वर धरू शकते, हे प्रत्यक्ष पाहून घ्यावा.

हे आत्ताच सांगण्याचे कारण उघड आहे. २०२४ या एकाच वर्षात पाण्यावरच्या दोन मोठ्या दुर्घटनांनी सगळ्यांना हादरवले. १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली शाळकरी मुले आणि त्यांच्या शिक्षिका बुडाल्या. १८ डिसेंबरला मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा जण गेले. एक तलाव, एक बंदर; दोन्ही ठिकाणी क्षमतेहून जास्त माणसे आणि अंगात नसलेली लाइफ जॅकेट हेच प्रश्न पुन्हा समोर आले. अशा घटनांनंतर सरसकट बंदी किंवा वयाची अट हे प्रशासनाला सोपे उत्तर वाटते. पण या दोन्ही अपघातांत बोट कोणत्या साली बांधली याला फारसा अर्थ नव्हता. किती माणसे चढली आणि त्यांच्या अंगावर काय होते, यावर बरेच काही ठरले.

जुन्या छोट्या बोटींबद्दलचा सर्वांत बोलका पुरावा मुंबईशीच जोडलेला आहे. १९६० च्या दशकात इथे सागवानात बांधलेल्या ३२ फुटी ‘सुहेली’तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ ला निघाले आणि २२ एप्रिल १९६९ ला एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. वाटेत फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले, तेव्हा भर समुद्रात बुडी मारून त्यांनी ते सांधे बुजवले. ही प्रदक्षिणा एका शर्यतीचा भाग होती; त्या शर्यतीत नऊ जण निघाले, पोचले ते एकटे. पन्नास वर्षांनी त्याच शर्यतीच्या स्मरणार्थ झालेल्या स्पर्धेत मुद्दाम जुन्या धाटणीच्या छोट्या बोटीच घेतल्या. त्या स्पर्धेत आपले अभिलाष टॉमी गोव्यात ‘सुहेली’च्या आराखड्यावर बांधलेली ‘थुरिया’ घेऊन उतरले. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात ती उलटली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. तरी सांगाडा तरंगत राहिला आणि संदेश पाठवता आला, म्हणून मदत त्यांच्यापर्यंत पोचली. हीच स्पर्धा २०२२ मध्ये पुन्हा झाली, तेव्हा फिनलंडच्या तापिओ लेहतिनेन यांची जुनी ‘अ‍ॅस्टेरिया’ मात्र खरोखरच बुडाली. ते जिवंत राहिले, कारण तराफा हाताशी होता आणि उपग्रहाला खबर देणारे यंत्र चालले.

उलट बाजूचा पुरावाही इथे मांडायला हवा. १९९८ च्या सिडनी–होबार्ट शर्यतीत ११५ बोटी निघाल्या, ४४ पोचल्या, पाच बुडाल्या आणि सहा खलाशी गेले. त्यातले तिघे १९४२ साली बांधलेल्या ‘विन्स्टन चर्चिल’ या लाकडी बोटीवरचे होते. मोठ्या लाटेच्या तडाख्यानंतर ती बुडाली. एवढ्यावर थांबलो तर जुनी बोट नकोच, असे म्हणता येईल. पण उरलेले तिघे तिच्याहून कितीतरी नव्या अशा दोन बोटींवरचे होते. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या आणि पंधरा स्पर्धक मृत्युमुखी पडले. तिथेही चौकशीचा भर वयापेक्षा बोटींच्या स्थैर्यावर, आत शिरणाऱ्या पाण्यावर, सुरक्षा पट्ट्यांवर आणि तराफ्यांवर राहिला. अशा अनुभवांतून घडत गेलेल्या, वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या सुरक्षा नियमांत शर्यतींच्या श्रेणी पाण्यानुसार केलेल्या आहेत. महासागर ओलांडणाऱ्याला जे बंधनकारक, ते आडोशाच्या पाण्यात दिवसाउजेडी होणाऱ्या शर्यतीला नाही. बांधणीच्या तारखेनुसार काही अटींत फरक आहे, कठड्याच्या दोरीची उंचीदेखील बोटीच्या लांबीवर ठरते. पण जुनी आहे म्हणून बोट बाद, असे तिथे नाही.

आता आपल्या खाडीपुरते बोलतो. इथे महासागराच्या लाटा नाहीत, पण धोके इथलेच आहेत. ओहोटीला दोन्ही काठांना गाळ उघडा पडतो. कलंडलेल्या होडीतला माणूस किनारा दिसत असूनही चालत तिथे पोचू शकत नाही. पूल आहेत, वरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारा आहेत, आणि धातूची डोलकाठी त्यांच्या जवळ जाणे म्हणजे मृत्यू. म्हणून इथल्या नियमावलीत तराफ्यापेक्षा डोलकाठीच्या उंचीची मर्यादा, भरतीच्या ठरावीक तासांतच शर्यत, आणि गाळावरही जाऊ शकेल अशी उथळ तळाची बचाव होडी, या गोष्टी आधी याव्यात.

होडीची परीक्षाही अशीच साधी आणि कठोर हवी. ती जमिनीवर घेऊन तळाच्या फळ्या हातोडीने ठोकून पाहाव्यात. कुजलेले लाकूड आवाजावरून कळते. गंजलेले खिळे, सुकाणूच्या बिजागऱ्या, डोलकाठीचे ताण जिथे अडकवलेले असतात ती जागा तपासावी. मग पाण्यात उतरवून, खलाशी बसलेले असताना, ती काठोकाठ भरावी. नुसते लाकूड तरंगेल, पण तळात भार म्हणून घातलेले नीरमाचे दगड आणि माणसे यांच्यासह तरंगेल का, हे भरल्याशिवाय कळत नाही. कमी पडले तर बैठकांखाली हवाबंद डबे पक्के बांधावेत. कोंडलेली प्रत्येक लिटर हवा साधारण एक किलो भार पेलते. दगड घसरणार नाहीत अशी पेटी करावी. शेवटी होडी मुद्दाम कलंडवून, तिच्याच खलाशांनी ती सरळ करून पाणी उपसून दाखवावे. हे जिला जमेल ती साठ वर्षांची असली तरी चालेल. जिला जमणार नाही ती कालच कारखान्यातून आलेली फायबरची असली तरी परत पाठवावी. लाइफ जॅकेट होडीत ठेवलेले चालणार नाही, अंगात आणि मांड्यांमधून पट्टा बांधलेले हवे.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येईल. परदेशी नियमावली जशीच्या तशी लावली तर तो खराच ठरेल आणि शर्यत श्रीमंत क्लबांपुरती उरेल. वर सांगितलेल्या परीक्षेला मात्र लागते ती जाणकार नजर आणि एक दिवस. दुसरा आक्षेप कोळी बांधवांचा असेल: पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जाणाऱ्यांना होडी कशी असावी हे कोण शिकवणार? तो आक्षेप मला आदरणीय वाटतो, म्हणूनच परीक्षकांच्या मंडळात होडी बांधणारा सुतार आणि चेंदणी किंवा कळव्याचा जुना नाखवा असायलाच हवा. अनुभवाने होडी बांधता येते, पण सांध्याआडची कुज अनुभवी माणसालाही वरून दिसत नाही, त्यासाठी परीक्षा. तिसरा आक्षेप पाण्याच्या घाणीचा, आणि तो सर्वांत गंभीर. वालधुनी आणि उल्हास नद्यांच्या प्रदूषणाकडे डोळेझाक करून कोणाला पाण्यात कलंडायला सांगता येणार नाही. शर्यतीच्या आधी पाण्याचा नमुना तपासावा, निकाल जाहीर करावा, वाईट असेल तर शर्यत रद्द करावी. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून संरक्षित आहे, २०२२ पासून रामसर स्थळही आहे. शर्यतीचा मार्ग तिकडे न नेता कोलशेत ते डोंबिवलीच्या पट्ट्यात ठेवावा.

अधिकार कोणाचा, हा प्रश्न उरतो. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्राविना चालणाऱ्या जलयानांसाठी वेगळे प्रकरण आहे आणि त्यांची नोंद स्थानिक पातळीवर करण्याची सोय आहे. महापालिकांकडे नोंदीची आणि तपासणीची कामे आली, तर त्यांच्या कर्मचाऱ्यांना लाकडी होडी तपासता येत नाही, आणि न येणारे काम टाळण्यासाठी ते वयाची अट घालतील. हे व्हायला नको असेल तर परीक्षेचा नमुना मंडळाने द्यावा. माझी मागणी एवढीच आहे: येत्या पावसाळ्यानंतर, कोणत्याही शर्यतीची घोषणा होण्याआधी, मंडळाच्या सर्वेक्षकांनी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन कोलशेतला भरतीच्या वेळी काही जुन्या होड्यांची अशी परीक्षा सर्वांसमक्ष घ्यावी, आणि किती पास झाल्या, किती नापास, कशामुळे, ते मराठीत प्रसिद्ध करावे.

आपला,
ठाणे जिल्ह्यातील एक नागरिक